आरसा सांगत नाही ते: फ्लामेंकोच्या गाण्यातलं दिसणं आणि असणं

ज्या आरशात तू पाहतेस
तो सांगेल तू कशी आहेस,
पण कधीच सांगणार नाही
तुझ्या मनात काय चाललंय.

स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात, फ्लामेंको गाणारे या चार ओळी गातात. मूळ स्पॅनिशमध्ये प्रत्येक ओळ आठ अक्षरांची, म्हणजे जवळपास आपली अष्टाक्षरीच. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या शेवटी 'एरेस' आणि 'तिएनेस' असं सैलसं यमक. बस्स. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, आधी काय झालं, पुढे काय झालं, काही नाही.

मी स्पॅनिश शिकवते. वर्गात या ओळी मराठीत करायला घेतल्या की पहिल्याच ओळीला गाडी अडते. मूळ ओळीत आरशात पाहणारी बाई आहे की पुरुष, हे कळायला मार्गच नाही, कारण स्पॅनिश क्रियापदाला लिंग नसतं. मराठीत मात्र 'पाहतेस' नाहीतर 'पाहतोस', एक काहीतरी लिहावंच लागतं. मी 'पाहतेस' लिहिलं ते सवयीनं. आरसा म्हटला की बाईच समोर उभी करायची ही आपली खोड. खुद्द गाण्यानं ती केलेली नाही.

दुसरी अडचण याहून महत्त्वाची. बहुतेक विद्यार्थी दुसरी ओळ 'तो सांगेल तू कशी दिसतेस' अशी लिहून आणतात. वाचायला बरी वाटते, पण चूक आहे. स्पॅनिशमध्ये 'असणे' यासाठी दोन क्रियापदं आहेत. एक तात्पुरत्या अवस्थेचं: आज थकलेली आहे, घरी आहे. दुसरं मूळ असण्याचं: उंच आहे, अमक्याची मुलगी आहे. गाण्यात हे दुसरं वापरलंय. म्हणजे आरसा तुझं निव्वळ दिसणं दाखवत नाही, तू कोण आहेस ते दाखवतो, हे गाण्याला मान्य आहे. चेहरा खोटा आहे असं गाणं म्हणतच नाही. चेहरा तूच आहेस. फक्त तेवढ्यावर काम भागत नाही.

मराठी माणसाला इथे चोखोबा आठवतात. ऊस डोंगा, रस नव्हे डोंगा; वरच्या रंगाला काय भुललास. मलाही आठवले, आणि सुरुवातीला मी वर्गात तशी तुलनाही करून टाकली. आता करत नाही. चोखोबांचा अभंग हमी देतो: बाहेर वाकडं असेल, पण आत गोड आहे. आरशाची कविता कसलीच हमी देत नाही. आत काय आहे, गोड की कडू, तिला माहीतच नाही. ती बाहेर उभी आहे, आपल्यासारखीच.

फ्लामेंकोच्या शब्दांत बाहेर आणि आत यांचा खेळ सगळीकडे आहे, पण 'बाहेरचं खोटं, आतलं खरं' इतका तो सरळ नाही. तो समजायला आधी ही कविता राहते कुठे ते पाहू.

फ्लामेंको म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नाच येतो: ठिपक्यांचा झालरीचा झगा, टाचांचा कडकडाट, केसात लाल फूल. जाणकारांच्या लेखी मात्र मुळाशी आहे ते गाणं, 'कान्ते'. गिटार आणि नाच त्याच्या सोबतीला. गाणाऱ्याला म्हणायचं 'कान्ताओर', बाई असेल तर 'कान्ताओरा'. जे शब्द गायचे ती 'लेत्रा'. लेत्रा बहुधा तीन किंवा चार ओळींची असते आणि स्वयंपूर्ण असते. एकाच बैठकीत गायक चार लेत्रा गाईल तर त्यातली एक आईच्या मरणाची, दुसरी प्रेयसीवरच्या रागाची, तिसरी तुरुंगाची, चौथी निव्वळ थट्टेची असू शकते. त्यांना जोडतो तो ताल आणि चाल, कथा नाही.

आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर ती जात्यावरची ओवी. तीही छोटी, सुटी, निनावी, कुणाच्याही तोंडी शोभणारी. आणि तिचंही तसंच झालं: कुणीतरी वही घेऊन बसलं म्हणून ती कागदावर आली. स्पेनमध्ये वही घेऊन बसलेल्या माणसाचं नाव आंतोनियो माचादो इ आल्वारेस. 'देमोफिलो' या टोपणनावानं लिहायचा. त्यानं 1881 साली सेविया (सेव्हिल) शहरात फ्लामेंकोच्या लेत्रांचा संग्रह छापला, आणि तोही गाणारे जसं बोलतात तसाच. आंदालुसियात शब्दातला 'द' गिळतात. आईला 'माद्रे' न म्हणता 'मारे' म्हणतात. देमोफिलोनं ते सुधारलं नाही. त्याची दोन मुलं पुढे स्पेनचे मोठे कवी झाली. त्यातल्या मानुएलनं लिहून ठेवलंय की लोक गाईपर्यंत कोप्ला ही कोप्ला नसते, आणि लोक गायला लागले की ती कुणी रचली हे कुणाला आठवत नाही. कोप्ला म्हणजे अशीच लोकांची चारओळी.

चार ओळीत मन उघडं करायचं तर वर्णनाला जागा नसते. 'माझ्या अंतःकरणात अशी अशी कालवाकालव होते आहे' असं सांगत बसलात तर संपलंच. म्हणून लेत्रा बाहेरची एखादी वस्तू उचलते. आरसा. दगड. पक्षी. भिंत. केसांची फीत.

मला सगळ्यात आवडणारी लेत्रा तीनच ओळींची आहे:

माझं काय जातंय
बागेतला पक्षी
या झाडावरून त्या झाडावर गेला तर!

एकोणिसाव्या शतकापासून हे शब्द 'सोलेआ' या प्रकारात गायले जातात. पक्षी कोण हे सांगायची गरज नाही. ती (किंवा तो) सोडून गेली आहे, दुसऱ्याकडे. आणि गाणारा खांदे उडवतोय. पण बघा, खरंच काही जात नसतं तर माणूस ते गाऊन सांगेल का? आपणही 'मला काय करायचंय' हे वाक्य ज्या गोष्टीचं सगळ्यात जास्त लागलेलं असतं तिच्याबद्दलच म्हणतो. शब्दांनी मुखवटा चढवलाय. आत काय आहे याचा एकही शब्द लेत्रेत नाही.

मग ते कळतं कसं? गाण्यातून. हे जरा जवळून बघू.

सोलेआ हे नाव 'सोलेदाद' म्हणजे एकटेपण या शब्दावरून आलं असं मानतात. तिचं तालचक्र बारा मात्रांचं. त्याला 'कोम्पास' म्हणतात. आपला एकतालही बारा मात्रांचा, पण वजन वेगळं. सोलेआत जोर पडतो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. म्हणजे आधी दोनदा तीन-तीन, मग तीनदा दोन-दोन. टेबलावर बोटांनी वाजवून पाहा: सुरुवात ऐसपैस, आणि मध्येच पावलं जवळजवळ पडायला लागतात. गिटार हे चक्र फिरवत राहते. गायक वेताच्या खुर्चीत बसलेला असतो, बहुधा काठावर. तो लगेच शब्द घेत नाही. आधी 'आय' असा स्वर लावतो. आपल्या 'आई गं'मधल्या 'आई'सारखाच ऐकू येतो तो, आणि कामही तेच करतो. तो लांबतो, वळतो, खाली घसरतो. या विव्हळण्याला 'केहीओ' असं नाव आहे. आलापासारखं म्हणावं तर आलापात राग उलगडायचा असतो. इथे गळा तयार करायचा असतो आणि बसलेल्यांना गप्प करायचं असतं.

आणि मग, त्या एवढ्या मोठ्या कण्हण्यानंतर, शब्द काय येतात? 'माझं काय जातंय.'

इथेच सगळी मेख आहे. आवाजानं आधीच सांगून टाकलंय की फार काही गेलंय. शब्द मागाहून येऊन झाकायला बघतात. झाकण नीट बसत नाही. शब्द बाहेरचे, आवाज आतला, आणि दोन्ही एकाच तोंडातून एकाच वेळी. नुसती लेत्रा वाचली तर निम्मीच कळते ती यामुळे, आणि भाषा न कळताही निम्मी पोचते तीही यामुळेच.

माझी आत्या मिरजेची. तंबोरे बनवणाऱ्यांच्या गावात आयुष्य गेलं, त्यामुळे आवाजाबद्दल तिची मतं पक्की. मी तिला एकदा मोबाइलवर जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं. अर्धा मिनिट ऐकून म्हणाली, "अगं, घसा बसलाय याचा. कशाला गायला बसवलं?"

तिचा दोष नाही. फ्लामेंकोत घोगऱ्या, चिरफाळलेल्या आवाजाला मान आहे. त्या जातीला 'आफिया' म्हणतात, एल फियो नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या गायकावरून. गोड, गोल, स्वच्छ आवाजाचे गायकही झाले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. तरी जुने ऐकणारे ज्याच्यासाठी थांबतात तो क्षण वेगळा: सुरात कुठेतरी अंगावर काटा येतो. त्याला ते 'पेयीस्को' म्हणतात, शब्दशः चिमटा.

आवाजाकडे परत येईन. आधी आणखी एक लेत्रा, कारण आत-बाहेरचा विषय काढून ती सोडली तर पाप लागेल.

मी जो होतो तो आता राहिलो नाही,
पूर्वीचा मी नाही;
भिंतीला टेकवून ठेवलेलं
दुःखाचं चित्र आहे मी.

ही बऱ्याचदा 'मार्तिनेते' म्हणून गातात. मार्तिनेते लोहारकामाशी जोडलेलं गाणं. त्याला गिटार नसते. असलीच तर ऐरणीवर हातोड्याची ठोक. सेवियात नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीत हितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी, लोहारांचे भाते होते, तिथलं हे वातावरण. कुणी 'चित्र'ऐवजी लाकडी सामानाचा शब्द घालतं. दोन्ही चालतं, पण मला चित्रच हवं.

का ते सांगते. चित्र ही बघण्याची वस्तू. ते भिंतीवर टांगलं की लोक बघतात. हे टांगलेलं नाही, टेकवून ठेवलंय. घर बदलताना, रंग देताना, किंवा नको झालं म्हणून आपण चित्र उतरवून भिंतीला टेकवतो, अनेकदा तोंड भिंतीकडे करून. म्हणजे हा माणूस म्हणतोय की माझं दुःख आता आत राहिलेलंच नाही. ते इतकं वाढलं की मीच त्याचं बाह्यरूप झालो, आणि तेही कुणी पाहत नाही. आरशाच्या कवितेत आतलं बाहेर दिसत नव्हतं. इथे आत काही उरलंच नाही, सगळं बाहेर आलंय. दोन टोकं. ऐकणारे दोन्हीला 'ओले' म्हणून दाद देतात आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही.

मधलं ठिकाणही आहे. दगडाची एक प्रसिद्ध सोलेआ ला सेर्नेता या हेरेसच्या गायिकेच्या नावाशी जोडली जाते: मी दगड होते, माझं केंद्र हरवलं, मला समुद्रात फेकलं, खूप काळानं माझं केंद्र मला सापडलं. मराठीत 'केंद्र' म्हटलं की भूमिती किंवा सरकार आठवतं, म्हणून ही ओळ कोरडी वाटते. जुन्या समजुतीनुसार प्रत्येक वस्तूची एक स्वाभाविक जागा असते आणि सोडली की ती तिकडेच जाते. दगड खाली, ज्वाला वर. स्पॅनिशमध्ये माणूस 'आपल्या केंद्रात' आहे म्हणजे जिथे त्याला बरं वाटतं तिथे आहे. तळाशी गेलेला दगड बाहेरून पाहणाऱ्याला बुडालेला दिसतो. दगडाला विचारलं तर तो घरी पोचलाय.

आणि 'सिगिरिया'. श्रीलंकेतल्या किल्ल्याशी काही संबंध नाही. हा फ्लामेंकोतला सगळ्यात काळोखा प्रकार. त्यातली एक लेत्रा अशी: मी मेल्यावर एक काम तुझ्यावर सोपवतो, तुझ्या काळ्या केसांच्या फितीनं माझे हात बांध. कुणी फितीऐवजी वेणी म्हणतं. प्रेयसीच्या रूपाचं वर्णन म्हणून जी फीत एरवी गोड गाण्यात आली असती ती इथे प्रेताचे हात बांधायला आली. नटण्याची वस्तू होती, शेवटी तीच बरोबर जाते.

आता थोडा इतिहास, कारण दिसण्याबद्दलचा हा हळवेपणा आकाशातून पडलेला नाही.

फ्लामेंको घडवण्यात आंदालुसियातल्या हितानो समाजाचा वाटा फार मोठा. हितानो म्हणजे स्पेनमधले रोमा, ज्यांना आपण जिप्सी म्हणतो ते. त्यांचे पूर्वज स्पेनमध्ये पंधराव्या शतकात आले. 1425 साली आरागोनच्या राजानं एका टोळीला दिलेला परवाना उपलब्ध आहे. सुरुवातीचं स्वागत फार टिकलं नाही. 1499 मध्ये कॅथलिक राजाराणीनं फर्मान काढलं: एका जागी राहा, धनी धरा, नाहीतर देश सोडा. 1749 च्या जुलैमध्ये एका ठरवलेल्या रात्री देशभर हितानोंची धरपकड झाली. हजारो माणसं पकडली. पुरुष आणि मोठे मुलगे आरमाराच्या गोद्यांमध्ये सक्तीच्या मजुरीला, बायका आणि लहान मुलं वेगळ्या कोंडवाड्यांत. काहींची सुटका व्हायला सोळा वर्षं लागली.

मग 1783 चा तिसऱ्या कार्लोसचा कायदा. हा जरा नीट वाचण्यासारखा आहे. त्यात म्हटलं होतं की ज्यांना हितानो म्हणतात ते जन्मानं किंवा स्वभावानं तसे नाहीत. त्यांना त्या नावानं हाक मारायलाही बंदी. कामधंदे खुले. ऐकायला उदार वाटतं. पण अट काय? त्यांनी आपला पोशाख, आपली भाषा आणि आपली भटकी राहणी सोडायची. सरकारचं म्हणणं थोडक्यात असं: आत तुम्ही वेगळे नाहीच, म्हणून बाहेरून वेगळे दिसू नका. कपडे आणि बोली यावरून माणसाला शिक्षा होऊ शकते अशा जगात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या लोकांच्या गाण्यात चेहरा, रंग, नजर, कपडा हे शब्द साध्या वर्णनासाठी येत नाहीत. प्रत्येक लेत्रेला हा इतिहास चिकटवावा असं मी म्हणत नाही. पुष्कळशा लेत्रा हितानोंच्या नाहीतही. पण पायाखाली तो आहे.

एक कोप्ला तर सरळ रंगाचाच निकाल लावते: ख्रिस्ताला सावळा रंगवतात, मग्दालेनाला सावळी रंगवतात, माझं जिच्यावर प्रेम आहे तिचाही रंग सावळाच, सावळ्या लोकांचा विजय असो! इथे 'आत' वगैरे भानगडच नाही. वरलिया रंगाला भुलू नका असं सांगण्याऐवजी ती म्हणते, भुला. हाच रंग चांगला आहे. मला ही बेधडक वाट जास्त पटते.

योगायोग असा की त्याच 1783 मध्ये जर्मनीत ग्रेलमन नावाच्या विद्वानानं पुस्तक काढून रोमा लोकांची भाषा भारतीय भाषांच्या कुळातली आहे हे युरोपभर पोचवलं. स्पेनमधल्या हितानोंच्या बोलीला 'कालो' म्हणतात. हो, काळा. ते स्वतःला 'काले' म्हणवतात. लेत्रांमध्ये कालोचे शब्द विखुरलेले असतात आणि मराठी कानाला ते दचकवतात. दुःखांना 'दुकेलास'. देवाला 'उन्देबेल', त्यातला 'देबेल' म्हणजे आपला देव. डोळ्यांना 'साकाइस', ज्याच्या मुळाशी संस्कृतातलं 'अक्षि' आहे. गायक 'आय' करून 'दुकेलास' म्हणतो तेव्हा भाषांतराची गरज पडत नाही.

मात्र इथे ब्रेक लावते. भाषेचं नातं पक्कं आहे. त्यावरून 'फ्लामेंको म्हणजे मूळचं कथ्थकच' अशी उडी मारणं, आणि दोघांना एका मंचावर आणून तशा जाहिराती करणं, हे वेगळं. शब्द हजार वर्षांनीही ओळखू येतात; ताल आणि चाली वाटेत भेटलेल्या सगळ्यांकडून घेतलेल्या असतात. आंदालुसियात तर अरबांपासून कॅरिबियनहून परतलेल्या खलाशांपर्यंत सगळे भेटले.

पोशाखाचं पुढे काय झालं हे गमतीचं आहे. सेवियात 1847 पासून गुरांचा बाजार भरू लागला. तिथे हितानो आणि शेतकरी बायका कामाच्या साध्या झालरीच्या झग्यात यायच्या. तो झगा हळूहळू श्रीमंत बायकांनी उचलला आणि 1929 च्या सेवियातल्या मोठ्या प्रदर्शनानंतर तो जत्रेचा मानाचा पोशाखच झाला. ज्या समाजाला कपडे बदला म्हणून कायदे झाले, त्याच समाजाच्या वेशात आज सगळं शहर मिरवतं. वरून घ्यायची ती भरतकामाची रेशमी शाल 'मनिलाची' म्हणवते, पण मूळची चीनमधली; मनिलाहून जहाजांनी यायची. मुंबईच्या पारशी बायकांचा गारा हा तिचा सख्खा चुलतभाऊ, तोही चीनच्या व्यापारातूनच आलेला. पोस्टकार्डावरचं फ्लामेंको म्हणजे हे सगळं मिळून झालेलं चित्र. टांगलेलं.

आता आवाज. कवी फेदेरिको गार्सिया लॉर्कानं 1933 मध्ये ब्वेनोस आयरेसला एक व्याख्यान दिलं, 'दुएन्दे' या कल्पनेवर. दुएन्दे म्हणजे खरं तर घरात वावरणारं भूत. फ्लामेंकोवाले तो शब्द गाणाऱ्याच्या अंगात येणाऱ्या शक्तीसाठी वापरतात. लॉर्कानं त्यात पास्तोरा पावोनची गोष्ट सांगितली. पास्तोराला लोक 'ला नीन्या दे लोस पेइनेस' म्हणायचे, कंगव्यांची पोर, कारण 'माझ्या कंगव्यानं केस विंचर, माझे कंगवे साखरेचे' अशी लेत्रा ती गायची. तर एकदा कादिसच्या एका गुत्त्यात ती गायली. आवाजाची सगळी जादू दाखवली. समोरचे गप्प. एक बुटका माणूस खवचटपणे हळूच म्हणाला, "पॅरिसचा विजय असो!" म्हणजे कारागिरी छान आहे बाई, पण आम्ही तिच्यासाठी इथे बसलेलो नाही. पास्तोरा वेड्यासारखी उठली, कासाय्या नावाच्या जळजळीत दारूचा मोठा पेला एका दमात प्यायली आणि पुन्हा गायला बसली. आवाज नाही, दम नाही, बारकावे नाहीत, घसा भाजलेला. आणि आता, लॉर्का सांगतो, लोक अंगावरचे कपडे फाडायला लागले.

लॉर्का कवी होता. त्याच्या गोष्टी पंचनाम्यासारख्या वाचू नयेत. पण गोष्टीतला हिशेब फ्लामेंकोवाल्यांना मान्य आहे. त्याच व्याख्यानात हेरेसच्या नृत्यस्पर्धेतली ऐंशी वर्षांची म्हातारीही येते. पाण्यासारख्या कंबरेच्या तरुण सुंदर पोरींना हरवून ती बक्षीस घेऊन जाते, केवळ हात वर करून, मान मागे टाकून, फळीवर एकदा पाय आपटून. हेरेसचीच खरीखुरी गायिका तिआ आनिका ला पिरिन्याका म्हणायची: मनासारखं गायले की तोंडाला रक्ताची चव येते. मन आणि तोंड यातलं अंतर एवढंच.

पण 'आतलं' हेही दाखवण्याची वस्तू होऊ शकतं, हे सांगायलाच हवं. 1922 च्या जूनमध्ये ग्रानादाच्या आलाम्ब्रा राजवाड्यात लॉर्का, संगीतकार मानुएल दे फाया आणि त्यांच्या मित्रांनी जुन्या गाण्याची स्पर्धा भरवली. गाण्याच्या हॉटेलांत, पैशासाठी गाऊन फ्लामेंको बिघडलं असं त्यांचं मत. म्हणून एकवीस वर्षांवरच्या व्यावसायिकांना बंदी. खेड्यातून शुद्ध, न नटलेलं गाणं येईल अशी आशा. दोघांचं खूप नाव झालं: एल तेनासास नावाचा म्हातारा, तो बरंच अंतर चालत आला असं सांगतात, आणि बारा वर्षांचा पोरगा, मानोलो काराकोल. आता गंमत बघा. काराकोल फ्लामेंकोतल्या नामांकित घराण्यातला, आणि पुढे 1940 च्या दशकात लोला फ्लोरेसबरोबर भरजरी रंगमंचीय कार्यक्रम करून त्यानं स्पेन गाजवला. शुद्धतेचा विजेता सगळ्यात मोठा शोमन निघाला. आणि तो खोटं गायला का? अजिबात नाही. त्याच्या आवाजात फाटलेपण शेवटपर्यंत होतं.

म्हणून रोज रात्री पर्यटकांसमोर दोन खेळ करणारा गायक 'खरं' गातो का, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. आपला कीर्तनकारही तोच अभंग हजारदा म्हणतो. दुःख त्याचं स्वतःचं, आजचं, ताजं असायलाच हवं असं नाही. लेत्रा निनावी आहे ती याच सोयीसाठी: कुणीही आत शिरावं. स्पॅनिशमध्ये एक म्हण आहे, 'मिरवणूक आतून चालली आहे'. बाहेरून शांत असलेल्या माणसाच्या आत काय चाललंय यासाठी ती वापरतात. ईस्टरच्या आठवड्यात सेवियाच्या गल्ल्यांमधून येशूच्या आणि मारियाच्या मूर्तींच्या मिरवणुका निघतात. अशी एखादी मिरवणूक सज्जाखाली थांबते आणि वरून कुणीतरी एकट्यानं, वाद्याशिवाय 'साएता' गायला लागतं. तेवढ्या वेळापुरत्या आतली आणि बाहेरची अशा दोन्ही मिरवणुका एका जागी उभ्या असतात.

गेल्या दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा आत्याला आरशाच्या चार ओळी मराठीत वाचून दाखवल्या, आणि मग गाणं लावलं. घसा बसल्याची तक्रार या वेळी तिनं केली नाही. डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर त्या गाणाऱ्यालाच म्हणाली, "आरसा सांगत नाही म्हणतोस, मग तुला रे कसं कळलं, ती काहीतरी लपवतेय ते?"

मी म्हटलं, आत्या, मुळात ती बाई आहे की पुरुष हेच ठरलेलं नाही.

"ते राहू दे," ती म्हणाली. "परत लाव."